फूल की दोन पानं? गोव्याच्या जनमत कौलाचं प्रकरण

१६ जानेवारी १९६७. गोव्यात त्या दिवशी मतदार होते ३,८८,४३२. त्यांतले ३,१७,६३३ केंद्रावर गेले, ७०,७९९ गेले नाहीत. कुणी अंथरुणाला खिळलेला असेल, कुणी बोटीवर कामाला गेलेला असेल, कुणाला वाटलं असेल की आपल्या एका शिक्क्यानं असं काय होणार. निकाल लागला ३४,०२१ मतांनी. म्हणजे घरी बसलेल्यांची संख्या निकालातल्या फरकाच्या दुपटीहून जास्त भरली.

त्या दिवशी आमदार निवडायचा नव्हता, खासदार निवडायचा नव्हता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहायचा, एवढा एकच प्रश्न मतपत्रिकेवर होता. विलीन व्हायचं असेल तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर. गोव्याबरोबर दमण आणि दीवलाही त्याच दिवशी विचारणा झाली, गुजरातेत जाता का म्हणून. तिकडे लोक नाही म्हणाले. आपला विषय गोवा.

मतदानाचं महत्त्व सांगताना आपल्याकडे शाई लावलेल्या बोटाचा फोटो लावतात आणि खाली ‘पवित्र कर्तव्य’ असं काहीतरी लिहितात. मला हे प्रकरण घ्यावंसं वाटलं ते वेगळ्या कारणानं. मतदानाच्या आधी चार वर्षं आणि नंतर वीस वर्षं लोक काय करत होते, हे पाहिल्याशिवाय १६ जानेवारीचा अर्थच लागत नाही. शिवाय मराठी वाचकाच्या दृष्टीनं यात एक सल आहे. आपण हरलो होतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपण का हरलो हे अजून नीटसं उमगलेलं नाही.

मत नावाची नवी वस्तू

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी साडेचारशे वर्षं पोर्तुगीज अंमल, आणि शेवटची काही दशकं सालाझारची हुकूमशाही. साधी जाहीर सभा घ्यायची तर परवानगी लागे. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात जी सभा घेतली तिचं महत्त्व यातच होतं की ती सभा होती. अशा मुलखात पंचायतीच्या निवडणुका आल्या १९६२ मध्ये आणि विधानसभेची पहिली निवडणूक झाली डिसेंबर १९६३ मध्ये. म्हणजे कौलाच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्यानं आयुष्यात तीन-चार वर्षांपूर्वीच पहिल्यांदा मत दिलं होतं. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं.

अशा लोकांनी जवळजवळ ८२ टक्के मतदान केलं. २०२४ च्या लोकसभेला सगळ्या महाराष्ट्राची सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास होती, आणि दक्षिण मुंबईनं जेमतेम पन्नाशी गाठली. दक्षिण मुंबईत मतदान केंद्र घरापासून किती पावलांवर असतं हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. तुलना थोडी अन्यायाची आहे हे मान्य. लोकसभेच्या निवडणुकीत ‘तुमचं गाव उद्या कुठल्या राज्यात असेल’ असा प्रश्न नसतो. पण नवी मिळालेली वस्तू माणूस जपून वापरतो, हेही यात आहेच.

महाराष्ट्राची बाजूही समजून घ्यायला हवी. १९५५ च्या सत्याग्रहात सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्यामागून शेकडो मराठी माणसं पोर्तुगीज हद्दीत शिरली होती. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, १५ ऑगस्टला गोळ्या झेलल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, १ मे १९६० ला, संयुक्त महाराष्ट्र झाला, पण बेळगाव, कारवार बाहेरच राहिले. सीमाभागाची ती जखम ओली असताना गोवा मुक्त झाला. देवळांतलं कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, नव्यानं निघालेली दैनिकं मराठी. मग गोवा आपलाच, यात विचारायचं काय? इकडच्या बहुतेकांची धारणा अशी होती. ती दुष्टपणाची नव्हती. तिच्यात फक्त गोव्यातल्या माणसाला विचारायची जागा नव्हती.

विलीनीकरण कुणाला हवं होतं

आज गोव्यात विलीनीकरणवाद्यांकडे गोव्याचं वाईट चिंतणारे म्हणून पाहायची सवय आहे. ते बरोबर नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतल्या बहुजन समाजाकडे त्यासाठी भक्कम कारणं होती. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या जागेत राहणाऱ्याचं, घर भाटकाराच्या जमिनीवर, आणि त्यानं उठ म्हटलं की उठायचं. शाळा, सरकारी नोकरी, व्यापार सगळं मूठभर सारस्वत आणि ख्रिस्ती घराण्यांच्या हाती. पोर्तुगीज गेले तरी या घरांचा दरारा गेला नव्हता. पलीकडे महाराष्ट्रात कुळकायदा आला होता, बहुजन समाजातली माणसं मंत्री होत होती. त्या मोठ्या राज्यात गेलो तर आपल्या भाटकाराची मिजास उतरेल, असा तो साधा हिशोब होता.

हा हिशोब ज्यांनी राजकारणात उतरवला ते दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब. पेडण्यातला जन्म, खाणमालक, पण लोकांमध्ये वावरणारे. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) १९६३ मध्ये निघाला. समोर उभा राहिला डॉ. जॅक द सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. ख्रिस्ती समाजाचा बराचसा भाग आणि वेगळ्या गोव्याची ओढ असलेले हिंदू त्यांच्यामागे होते. डिसेंबर १९६३ मध्ये तीस जागांच्या सभागृहात मगोपला १४ मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. काँग्रेसची एकच जागा आली, तीही दमणची. ज्या पक्षानं देश स्वतंत्र केला त्याला गोव्यानं सरळ घरी पाठवलं. लोकांना मत वापरता येतं हे तिथेच दिसलं होतं.

काही अपक्षांना घेऊन बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६५ च्या आरंभी विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव संमत केला, आणि थोड्याच दिवसांत महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही आपल्या बाजूनं ठराव केला. बहुमत होतं, ठराव होते, शेजारचं मोठं राज्य हात पुढे करून उभं होतं. प्रकरण इथेच संपायला हरकत नव्हती.

खरी लढाई: विचारायचं कुणाला?

संपलं नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा भाग हाच आहे. लोक मतदानाबद्दल बोलतात तेव्हा तो नेमका सुटतो.

सिक्वेरांचं म्हणणं साधं होतं. १९६३ मध्ये लोकांनी आमदार निवडले. ते निवडताना कुणी जात पाहिली, कुणी भाटकाराचा राग काढला, कुणी बांदोडकरांच्या उदारपणाची आठवण ठेवली. त्या मताचा अर्थ ‘गोवा नकाशावरून पुसा’ असा लावता येणार नाही. एवढा मोठा आणि न फिरवता येणारा निर्णय आमदारांच्या साध्या बहुमतानं घेऊ नये, थेट लोकांना विचारावं.

आज हे ऐकायला सरळ वाटतं, तेव्हा सरळ नव्हतं. आपल्या संसदीय पद्धतीत निवडून दिलेला प्रतिनिधीच आपल्या वतीनं ठरवतो. राज्यांच्या सीमा ठरवायचा अधिकार संसदेचा. लोकांना थेट विचारायची सोय राज्यघटनेत नाही. (गोव्याचा कौल म्हणजे स्वतंत्र भारतातलं एकमेव सार्वमत, असं जागोजागी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ ला लोकांना विचारलं होतं, सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ ला. फरक असा की ते दोन्ही प्रश्न भारतात यायचं की नाही, या जातीचे होते. भारतात आधीच असलेल्या लोकांना ‘कुठल्या घरात राहता’ असं विचारलं गेलं ते गोवा, दमण आणि दीव इथेच.)

म्हणून मग दिल्लीच्या खेपा सुरू झाल्या. नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण काही काळ राखू, पुढचं लोकांच्या इच्छेनं ठरेल, अशी भूमिका घेतली होती. ते मे १९६४ मध्ये गेले. शास्त्री आले, तेही जानेवारी १९६६ मध्ये गेले. दर वेळी नव्या माणसाला नव्यानं पटवायचं. गोव्यातल्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत आपली सगळी पत यासाठी खर्ची घातली. मराठी वाचकांना त्यांची ओळख बहुधा शास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील म्हणून पटेल. त्यांच्या पक्षाचा गोव्यात एकही आमदार नव्हता. पण निवडणूक हरलेला माणूस राजकारणातून उठून गेला नाही, तर काय करू शकतो याचा हा नमुना.

अखेर इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला. युनायटेड गोवन्सची एक मागणी मात्र मान्य झाली नाही. बाहेर असलेल्या गोंयकारांना मताचा हक्क मिळाला नाही. मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे खलाशी, आचारी, वाजंत्री आणि आफ्रिकेत, आखातात गेलेले, यांच्यापैकी जे यादीत नव्हते ते या निर्णयाच्या बाहेर राहिले. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्या मनिऑर्डरवर पेटत होती. पण ज्याचं नाव यादीत नाही त्याचं मत नाही, हा नियम हळवेपणाला जुमानत नाही. आजही नाही.

दुसरी मागणी मान्य झाली. सत्तेवर असलेला पक्षच एका बाजूचा असताना कौल निष्पक्ष कसा होणार, म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. हातातली सत्ता सोडून लोकांपुढे जायचं त्यांनी मान्य केलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. अर्थात जिंकणारच अशी खात्रीही त्यामागे असावी.

महिनाभराचा प्रचार

प्रचाराला अवधी फार नव्हता. महाराष्ट्रातून पुढारी आले, शाहीर आले. ‘गोमंतक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूनं ठाम उभं होतं. सभा मोठ्या, भाषणं जोरकस, शिवरायांपासून संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांपर्यंत सगळ्यांची आठवण काढलेली.

पलीकडे पानवाल्यांनी काय केलं? त्यांचं सर्वांत धारदार शस्त्र मराठीच होतं. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक, संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यात तरुण उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. महाराष्ट्रात जाऊ नका हे मराठीत सांगणारं वर्तमानपत्र. याचा अर्थ इकडच्या लोकांना तेव्हाही लागला नाही. ज्यांना मराठी वाचता येतं तो आपला मतदार, असं फुलवाले धरून चालले. ‘राष्ट्रमत’नं ओळखलं की मराठी वाचणाराच कुंपणावर आहे, आणि त्याच्याशी त्याच्या वाचण्याच्या भाषेतच बोललं पाहिजे. बोलण्याची भाषा होती कोंकणी. ती गाण्यांनी सांभाळली. उल्हास बुयांव आपलं कलापथक घेऊन गावोगाव फिरले, मनोहरराय सरदेसाईंच्या कविता लोकांच्या तोंडी गेल्या. सभेला न जाणारा माणूस गाणं ऐकायला अंगणात येतो.

मुद्देही घरगुती होते. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहे, उद्या तो इथे आला तर माडावर चढणाऱ्या रेंदेरानं काय करायचं? काजूची भट्टी लावणाऱ्यानं काय करायचं? सरकारी नोकऱ्यांवर मुंबई-पुण्याची शिकलेली मुलं येऊन बसतील, मग आत्ता कुठं शाळेत जायला लागलेल्या आपल्या पोराचं काय? आज तक्रार घेऊन पणजीला जाता, सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता. उद्या मुंबईला जावं लागेल. आणि हा मुद्दा बहुजन समाजालाही लागू होता. आपला भाऊसाहेब इथं मुख्यमंत्री आहे, एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात तो कोण असेल? विलीनीकरणाच्या पक्षाचं यशच विलीनीकरणाच्या आड आलं, असं मला वाटतं. १९६४ मध्ये बांदोडकर सरकारनं स्वतःचा कुळकायदा केला होता, खेड्यांत शाळा उघडायचा सपाटा लावला होता. ज्या गोष्टींसाठी मुंबई हवी होती त्या पणजीतच मिळू लागल्या होत्या.

यात भीतीचा व्यापार नव्हता असं मुळीच नाही. दोन्हीकडून होता. एका बाजूनं सांगितलं की पानं म्हणजे पाद्री आणि भाटकारांचं राज्य, दुसऱ्या बाजूनं सांगितलं की फूल म्हणजे घाटी लोकांचा लोंढा. एकाच घरात सासू फुलाची आणि सून पानांची, अशा गोष्टी गोव्यात अजून सांगतात. प्रत्येक गोष्ट खरी असेलच असं नाही, पण भांडण घरापर्यंत गेलं होतं हे खरं.

मोजणी आणि आकड्यांचं वाचन

मोजणीसाठी तीन दिवस राखून ठेवले होते. पणजीत मोजणीच्या इमारतीबाहेर माणसांचा समुद्र लोटला होता. शेवटचा हिशोब असा: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०, बाद ७,२७२.

हे आकडे जरा थांबून पाहावेत असे आहेत.

एक तर १७,०११ माणसांनी पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर आज पणजी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचं ठिकाण असती. मत दिलेल्यांपैकी साधारण एकोणिसांत एक. एका वाड्यावर एकोणीस मतदार असतील तर त्यातला एक जण. ‘माझ्या एका मतानं काय होतं’ हा प्रश्न देशाच्या पातळीवर विचारला तर उत्तर ‘काही नाही’ असंच येतं, आणि ते प्रामाणिक आहे. पण मत कुणी एकटं देत नाही. वाड्यावरचा तो एक जण मन बदलतो तेव्हा त्याच सुमारास शेजारच्या वाड्यावरचाही कुणीतरी बदलत असतो, कारण दोघांनी तेच सदर वाचलेलं असतं, तेच गाणं ऐकलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या वेळी गोव्याच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे साठ टक्के होते. सगळं धर्मावर ठरलं असतं, सगळे हिंदू फुलाकडे आणि सगळे ख्रिस्ती पानांकडे गेले असते, तर फूल आरामात निवडून यायला हवं होतं. वैध मतांपैकी पानांना मिळाली साडेपंचावन्न टक्के. म्हणजे ख्रिस्ती मतदार एकजुटीनं पानांच्या मागे गेला असं धरलं, तरी त्याच्या जोडीला हजारो हिंदूंनी पानांवर शिक्का मारल्याशिवाय हा आकडा भरत नाही. ते हिंदू घरात मराठी पोथी वाचणारे होते, भजनात तुकोबांचे अभंग म्हणणारे होते. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: भाषा आपली असणं एक, आणि सरकार कुठं बसावं हे दुसरं.

महाराष्ट्रात या निकालाचं वर्णन ख्रिस्त्यांचा विजय असं झालं. काही जण अजून तसंच म्हणतात. आकड्यांना ते मान्य नाही.

दोन महिन्यांनी

आता प्रकरणातलं ते वळण, जे कुठल्याही मतदान जागृतीच्या व्याख्यानात मी ऐकलेलं नाही.

मार्च १९६७ मध्ये, म्हणजे कौलानंतर दोनच महिन्यांनी, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण हरलं होतं, त्यामुळे विलीनीकरणाचा पक्षही बुडणार असं कुणालाही वाटलं असतं. मगोपला मिळाल्या १६ जागा. आधीपेक्षा दोन जास्त. युनायटेड गोवन्स पुन्हा १२ वरच. बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर आल्या. मगोपची सत्ता १९७९ पर्यंत टिकली.

जानेवारीत ज्यांनी बांदोडकरांचं म्हणणं धुडकावलं त्यांच्यातल्याच काहींनी मार्चमध्ये बांदोडकरांना मत दिलं, हे उघड आहे. याला काही जण मतदाराचा गोंधळ म्हणतात. मला तर यापेक्षा स्पष्ट मतदार सापडत नाही. कुठं राहायचं? गोव्यात. कारभार कुणी करायचा? भाऊसाहेबांनी. दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. सिक्वेरा १९६३ पासून जे सांगत होते, की आमदाराला दिलेलं मत म्हणजे विलीनीकरणाला दिलेलं मत नव्हे, ते खरं निघालं. आणि ते खरं निघालं अशा रीतीनं की त्यात सिक्वेरांच्याच पक्षाचा तोटा झाला.

बांदोडकरांनीही निकाल मानला आणि गोव्याचा कारभार हाकायला लागले. कोर्टकचेरी नाही, मोजणीवर आरोपांची राळ नाही. त्यांच्या हट्टी स्वभावाच्या कथा गोव्यात पुष्कळ आहेत, त्यामुळे हे विशेष वाटतं.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथला कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात नगरसेवक नाही म्हणून रस्त्यावर उतरलेले मुंबईकर मला फारसे आठवत नाहीत. पंचायतीपासून कौलापर्यंत सगळं चार-साडेचार वर्षांत पाहिलेल्या गोव्यातल्या त्या मतदाराला हे कसं समजावून सांगायचं, कोण जाणे.

पुढची वीस वर्षं

१६ जानेवारी हा दिवस आता गोव्यात अस्मिताय दीस म्हणून पाळतात. भाषणं होतात, सिक्वेरांच्या प्रतिमेला हार पडतो. त्या भाषणांत एक भाग घाईत उरकला जातो: कौल जिंकल्यावर गोव्याला मिळालं काय? होतं तेच. केंद्रशासित प्रदेश. नायब राज्यपाल दिल्लीनं नेमायचा, मोठ्या निर्णयाला दिल्लीची परवानगी घ्यायची. कोंकणीला कसलाही दर्जा नाही. ती मराठीची बोली आहे की स्वतंत्र भाषा, हा वाद होता तिथंच होता.

बरेच लोक दोन पानांवर शिक्का मारून आपापल्या कामाला लागले, त्यात गैर काही नाही. पण थोडी माणसं कामाला लागली ती याच कामाला. साहित्य अकादमीनं कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली १९७५ मध्ये. कौलाच्या वेळी सदर लिहिणारे उदय भेंब्रे १९८४ मध्ये मडगावातून अपक्ष म्हणून विधानसभेत गेले, आणि राजभाषेचा प्रश्न त्यांनी सभागृहात लावून धरला. १९८६ मध्ये आंदोलन पेटलं, हिंसाचार झाला, माणसं मेली. मराठीवादी आणि कोंकणीवादी असे दोन तट पुन्हा पडले, आणि या वेळी ते १९६७ पेक्षा कडवट होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. कोंकणी राजभाषा ठरली, आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. ती तडजोड दोन्ही बाजूंना अजून टोचते. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचं पंचविसावं राज्य झालं. १९९२ मध्ये कोंकणी आठव्या अनुसूचीत गेली.

ज्या मतपत्रिकेवर गोव्यानं आपलं भवितव्य ठरवलं असं आपण म्हणतो, तिच्यावर दोनच चित्रं होती. एक फुलाचं, महाराष्ट्राचं. दुसरं दोन पानांचं, केंद्रशासित प्रदेशाचं. स्वतंत्र राज्य हा पर्याय तिच्यावर नव्हताच. जे शेवटी मिळालं, ते मागायला वीस वर्षं, चार महिने आणि चौदा दिवस लागले.